मैनाचे बूट

"मॅडम, हे बूट कोनाचे हाये? एवढा गोल पाय मी अख्ख्या सिंदेवाहीत पाह्यला नाई!"

कुरिअरवाला दारात उभा होता. प्रवासात फाटलेल्या खोक्यातून काळं रबर डोकावत होतं. मी हसू दाबून अंगणाकडे बोट दाखवलं. तिथं आमची घोडी, मैना, शेपटी हलवत उभी होती.

हा आदेश. आमची पहिली भेट ही अशी... घोडीच्या पायावरून.

मैना वरातीची घोडी. बाबा तिला सजवतात, नवरदेव तिच्यावर मिरवतात. पण नालेच्या खिळ्यांनी तिचे खूर चिरले आणि डॉक्टरांनी नाल बंदच करायला सांगितली. बिननालेची मैना धानाच्या बांधीतल्या मऊ मातीत मजेत चालायची, गिट्टीच्या रस्त्यावर मात्र लंगडायची. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होणार. त्याआधी ती रस्त्यावर नीट चालली नाही, तर बाबा तिला राजुऱ्याच्या व्यापाऱ्याला देणार होते.

आणि नालेऐवजी मी मागवलेले हे रबरी बूट? ढिले निघाले. चार पावलांत गर्रकन फिरले. परत पाठवून दुसरे मागवले... तेही तसेच!

"तुमची घोडी उपास करून राह्यली का?" ते परत न्यायला आलेल्या आदेशनं विचारलं.

"माप बरोबर हाये. मी सोता घेतलं."

"कसं?"

मी मैनाला ओल्या बांधावर नेलं आणि उमटलेल्या ठशावर पट्टी ठेवली. बाबा पूर्वी जंगलात रोजंदारीवर वाघाचे ठसे मोजायला जायचे. मी लहानपणापासून हेच पाहिलेलं. पाय मोजायचा म्हणजे ठसा मोजायचा, त्यात शंका कसली?

आदेशनं ठशाकडे पाहिलं, मग मैनाचा पाय अलगद उचलला. ती परक्याला खुराला हात लावू देत नाही. याला मात्र दिला... मला जरा रागच आला.

"चिखल पसरते ना," तो हसू आवरत म्हणाला. "वाघ मोजाले ठीक हाये. पन वाघ कुठी बूट घालते?"

मी लाजले. मग वाढलेले खूर बाबांकडून तासून घेतले, मैनाचा पाय कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवला आणि आम्ही कडेनं पेन्सिल फिरवली. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं तो. टाचेपाशी बोटं भेटली — आणि दोघांनाही पुढं काय करायचं ते सुचेना.

पण दुकानानं पुन्हा बदलून द्यायला नकार दिला. मी रडवेली झाले. आदेशनं मात्र सुट्टीच्या दिवशी पुठ्ठा घेऊन मोटरसायकलनं थेट नागपूर गाठलं आणि तिथून फोन केला.

"दोन हायेत. एक जाड तळव्याचा, भारी. दुसरा हलका, बुडाले नक्षी. कोनता घेऊ?"

"हलका. पट्टा टाचेले घासते का ते पाह्य. आतून हात फिरव."

"गाल लावूनच पाह्यतो."

"गाल नोको!" मी ओरडले, आणि मग किती वेळ हसतच राहिले.

व्यापारी आला त्याच सकाळी मैनाच्या पायात बूट चढले. ना फिरले, ना निसटले. मी पाठीवर बसले आणि गिट्टीवर तिला दामटली. ती डौलात गेली... आणि तशीच परत आली. बाबांनी व्यापाऱ्यासमोर हात जोडले. "चहा घ्या भाऊ. घोडी नाई देत."

मी उतरून मैनाच्या मानेत तोंड लपवलं. डोळे पुसून आदेशकडे वळले. "तू नसता तं मैना गेली असती. तुहे उपकार कसे फेडू, मले नाई समजत."

"फेडू नको. बुकिंग घे." तो लगामाशी चाळा करत होता. "वरातीसाठी... मैनाचं."

"कोनाचं लगन?"

"माह्यं."

"नवरी... कुठची?"

"इथचीच. हो म्हनते का नाई, मालूम नाई." त्यानं मान वर केली. "लय भेव लागते विचाराले. तुले नाई म्हनाचं असन तं म्हन, दिव्यानी. मैनाले पाहाले तरी येऊ दे."

मी त्याच्याकडे पाहिलं. कान लाल, शर्टावर घोडीचे केस.

"वरातीची तारीख बाबाच ठरवते," मी म्हणाले आणि तिथूनच हाक मारली, "बाबा! जरा इकडे या ना..."