बेवारस लग्नाची कॅसेट

भागवतनं दुपारचा डबा खाल्ला, हात धुतले आणि एक कॅसेट तपासायला बसला. एवढंच काम होतं बघा. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात जीप स्टँडजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मागच्या खोलीत जुना व्हीसीआर, डब्बा टीव्ही आणि छतापर्यंत रचलेल्या लग्नाच्या कॅसेटी. दुसऱ्यांच्या लग्नाच्या बरं का! स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटवर या बहाद्दरानं क्रिकेटची मॅच टेप करून ठेवली होती.

अशा कॅसेटी जमवणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, आणि तो भागवतनंच काढलेला. तिथं लोक कॅसेटी विकत, विकत घेत. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात हिंगोलीच्या सरिताबाई आल्या. निवृत्त मास्तरीण. आल्या आल्या त्यांनी लिहिलं, "दुसऱ्याच्या लग्नात न बोलावता घुसायचं आणि वर ते लग्न विकायचं, हा कुठला छंद? ज्याचं लग्न त्याला कॅसेट परत करा."

झालं! ग्रुपची दोन शकलं झाली. माणसं रात्री रागानं ग्रुप सोडत आणि सकाळी चहा पिऊन परत येत. भागवत लिही, "आमी कला जपून राहिलो." बाई लिहीत, "मग जपा, विकता काहून?" तीन महिने हेच. शेवटी बाईंनी अट घातली. जवळा बाजारच्या भंगारात निघालेल्या ज्या कॅसेटला भागवत बेवारस म्हणतोय, तिच्यात दिसणारा एक तरी माणूस रविवारपर्यंत आणावा, त्यानं 'खुशाल विका' म्हणावं, म्हणजे त्या गप्प बसतील. नाहीतर भागवतनं ग्रुपचं अ‍ॅडमिनपद सोडावं. आज रविवार होता. दुसरं काही गेलं असतं तर चाललं असतं, पण ते पद म्हणजे भागवतचा जीव की प्राण.

त्यानं कॅसेट आत ढकलली. व्हीसीआर घरघरला. सत्त्याण्णव सालचा मांडव. जमिनीवर पंगत, पत्रावळ्या, बुंदीची परात. कोणी ओळखीचं दिसतंय का म्हणून भागवत पडद्याला नाक लावून बसला. आणि दिसलं की! तिसऱ्या पत्रावळीवर जवळ्याचा भंगारवाला धर्मसिंग. पण हा धर्मसिंग सत्त्याण्णवचा नव्हता. आत्ताचा होता, पांढऱ्या मिशीचा. ही कॅसेट त्यानंच तर काल आणून दिली होती.

भागवतनं फोन लावला. "धर्मसिंगभाऊ, तुमी या लग्नाला होते का?"

"न्हाई ब्वा. काल फक्त चालते का बघाया लावली होती."

"मंग तुमी पंगतीत कसे काय?"

पलीकडून हळूच आवाज आला, "भागवत... कालपासून माझं पोट भरलेलं हाय रे. घास जाईना. ढेकर येते, तर बुंदीची..."

फोन ठेवला तेव्हा खोलीत गरम तुपाचा वास सुटला होता. बाहेर जीपवाले सेनगाव, सेनगाव ओरडत होते, ते एकाएकी लांब गेल्यासारखं वाटलं. पडद्यावर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी कॅमेऱ्यासमोर आली. अशा म्हाताऱ्या प्रत्येक कॅसेटमध्ये असतात. पदर ओढतात, बंद कर म्हणतात. हिनं तसं काही केलं नाही. डोळे बारीक करून तिनं सरळ भागवतकडं बघितलं.

"कोणाकडला रे तू?"

आता सांगा, लग्नात हे कोणी विचारलं तर आपलं तोंड थांबतं का? फुकट जेवायला आलाय असं कोणी म्हणू नये, म्हणून माणूस विचार न करता बोलून जातो. भागवतही बोलून गेला, "नवरीकडला!"

"मंग उभा काहून? बस."

आणि धर्मसिंगच्या शेजारी भागवत बसलेला दिसला. टक्कल, चष्मा, आजचाच चौकडीचा शर्ट. मान खाली घालून पुरी मोडत होता.

खोटं कशाला सांगू, भागवत चक्क रडला. पण माणसाची खोड बघा, डोळे पुसता पुसता त्याला सुचलं, अरे, चित्रात मीच आहे की! त्यानं लगेच ग्रुपवर टाकलं, "माणूस मिळाला. तो म्हणतो, खुशाल विका."

"कोण माणूस?" बाई.

"मी."

सगळा ग्रुप खदाखदा हसला. बाई हसल्या नाहीत. "दुसऱ्यांची लग्नं मी बघत नाही. पण हे बघते. पाठवा तुकडा."

जिंकलाच होता गडी! त्यानं तेवढा तुकडा मोबाईलवर उतरवून घेतला, पाठवण्याआधी एकदा लावून बघितला. पंगतीतल्या भागवतच्या दुसऱ्या बाजूला आता एक रिकामी पत्रावळ मांडलेली होती. म्हातारी तिच्यावर हात ठेवून कोणाला तरी दटावत होती, "इथं बसू नको... मास्तरीण येऊन राहिली."

भागवतचा अंगठा पाठवायच्या खुणेवरच थांबला. बाईंना हरवायची हौस त्याला होती, फार होती. पण हरवायचं म्हणजे कुठं नेऊन बसवायचं? त्याला स्वतःची शरम वाटली. त्यानं तुकडा पुसला, कॅसेट बाहेर काढली, वायर उपटली आणि लिहिलं, "बाई, तुमचंच बराबर. काहीच पाठवत न्हाई. कॅसेट लग्नघरच्यांना देतो. अ‍ॅडमिन तुमीच व्हा." आणि ते जीव की प्राण पद देऊनही टाकलं.

अभिनंदनाचा पूर लोटला. कोणी फुलं टाकली, कोणी हात जोडले. अर्ध्या तासानं बाईंचा फोन आला.

"भागवतभाऊ, पदाचं नंतर बोलू. पंगतीत बसलेय. 'बघते म्हणाली म्हंजे आलीच' म्हणते म्हातारी, उठू देत नाही. तुमच्या शेजारीच बसवलंय, आणि तुम्ही तर मान वर करून बघतसुद्धा नाही."