गप्प झालेलं नाणं

"पुन्हा कच्चे!" आजीने मक्याचं पान उलगडलं. आत वाफवलेला मक्याच्या पिठाचा तामाले टेबलावर पडला आणि पिठल्यासारखा पसरला. "तिसरा दिवस! या स्वयंपाकघरात कुणीतरी चिडलेलं आहे!"

चिडक्या माणसाजवळ तामाले शिजत नाहीत, हे सान बेनितो गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सगळ्यांनी एलोईसाच्या आईकडे, हासिंताकडे, पाहिलं.

"मी चिडलेली नाही!" ती ओरडली. इतक्या जोरात, की निकाल तिथेच लागला.

"सूनबाई, उद्या तू अंगणात पानं धू. परवा नाताळचे तीनशे तामाले द्यायचेत. तेही बिघडले, तर पुन्हा या पातेल्याला हात लावायचा नाही!"

आईने अ‍ॅप्रन सोडला. एलोईसाला बसवेना की उभं राहवेना. तिने चुलतभावांना, फिदेल आणि तिनोला, बाहेर ओढलं.

"आई चिडली ती तामाले कच्चे निघाल्यावर. आधी नाही!"

"मग पातेलं चिडलं असेल," सात वर्षांचा तिनो गंभीरपणे म्हणाला.

"पातेल्याचंच ऐकायचं!" एलोईसा म्हणाली.

पातेल्याच्या तळाशी, पाण्यात, आजी एक नाणं टाकायची. पाणी उकळत असेतो ते खुळखुळायचं. गप्प झालं, म्हणजे पाणी आटलं; मग किटलीतलं उकळतं पाणी ओतायचं. हे काम ओतिलियो काकांचं. काका ते अत्यंत जबाबदारीने, रेडिओवर फुटबॉल ऐकत करायचे.

दुसऱ्या दिवशी तिघं खिडकीखाली दबा धरून बसले. खुळखुळ... खुळखुळ... गप्प! आत पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग काका पँट दुमडत, किटली घेऊन कोठीत शिरले.

"किटली तर भरलेली दिसतेय!" फिदेल कुजबुजला. "मग पातेल्यात काय ओतलं?"

"बादलीतलं गार पाणी! बघ, नाणं अजून गप्पच आहे!"

एवढ्यात कोठीच्या अंधारातून आवाज आला, "आहाहाहा!"

"काका रस्सा पितायत?" तिनोने विचारलं.

"रस्सा पिताना पँट गुडघ्यापर्यंत कोण दुमडतं?" एलोईसा म्हणाली. "चला, आजीला सांगू!"

"लाडक्या लेकाबद्दल? आपलेच कान उपटेल!" फिदेल म्हणाला. "पुरावा पाहिजे."

काका परतले, किटली भरून पुन्हा चुलीवर चढवली आणि रेडिओचा आवाज वाढवायला गेले. एलोईसाने खिडकीतून उडी मारली. सरबतासाठी वाळवलेली लालभडक जास्वंद बरणीत होतीच. तीन मुठी किटलीत! थोड्या वेळाने काका पुन्हा ती किटली घेऊन कोठीच्या अंधारात शिरले.

दुपारी झाकण निघालं.

"कच्चे! हासिंता, अंगणात बसूनही चिडतेस!" आजी गरजली.

"आजी, थांब!" एलोईसा पुढे झाली. "आधी काकांना बूट काढायला सांग."

"बूट कशाला? मला सर्दी आहे!" काका म्हणाले.

"काढ," आजी म्हणाली.

बूट निघाले. मोजे निघाले. घोट्यापर्यंत दोन्ही पाय बिटासारखे लाल!

एलोईसाने नाण्यापासून कोठीपर्यंत सगळं सांगितलं.

"पाय फार ठणकतात गं आई... गरम पाण्यात बुडवले की बरं वाटतं," काका पुटपुटले.

आजीचा चेहरा त्या पायांशी स्पर्धा करू लागला. पण तिने दीर्घ श्वास घेतला.

"इथे चिडायचं नाही. ओतिलियो, अंगणात चल!"

अर्धा तास अंगणातल्या कोंबड्या दिसल्या नाहीत. आजी परतली ती हसऱ्या चेहऱ्याने. तिने स्वतः हासिंताला अ‍ॅप्रन बांधला. "सूनबाई, चुकलं माझं. पातेलं तुझं." मग तिघांच्या गालांना पीठ फासत म्हणाली, "चाळीस वर्षं मी ते नाणं ऐकतेय. पण नीट ऐकलं ते तुम्ही!"

नाताळच्या सकाळी नाणं एकदाही रुसलं नाही. तीनशे तामाले मऊ, लुसलुशीत!

आणि काका अंगणात पानं धूत होते. गार पाण्याने.