थोरल्याचा ओळंबा

काम तसं किरकोळच होतं. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी गल्लीच्या टोकाचं जुनं घर विकत घेतलं होतं. तिथल्या मागच्या खोलीत एका भिंतीवर गिलावा काही टिकत नव्हता. दोनदा केला, दोनदा पोपडे धरून गळून पडला. बाईंना वाटलं, गवंडी चोर निघाला. दुसरा आणला, तर तोही चोर निघाला. मग तिसऱ्याला निरोप गेला, तो आपल्या या गवंड्याला.

चाळिशी ओलांडलेला, अबोल माणूस. लग्नाचं राहूनच गेलं होतं. घरात तो आणि म्हातारी आई, एवढाच संसार. आजोबा गवंडी, वडील गवंडी, त्यामुळे हाताला वळण घरातूनच आलेलं. त्या दिवशी नेमकी निघताना सायकलवरून पाणसळ पडली आणि फुटली. भिंत सरळ आहे की नाही, हे बघायला काहीतरी हवं, म्हणून त्याने वडिलांच्या पेटीतून जुना ओळंबा काढला. दोरीला टांगलेला, पितळी, मुठीएवढा, खाली निमुळता. वरच्या बाजूला कुणीतरी कोरलेली खूण दुसऱ्या कुणीतरी कानशीने घासून काढलेली. वडिलांनी तो कधी वापरला नव्हता. मधूनमधून तेल लावायचे आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायचे. कारण विचारलं, तर म्हणायचे, हत्यार आहे, वाऱ्यावर टाकायचं नसतं. आई आत झोपली होती. जागी असती, तर तिने तेव्हाच अडवलं असतं.

खोलीत शिरल्या शिरल्या ओल नाकात भरली. जुन्या चुन्याचा, बंद पेटीतल्या कपड्यांसारखा वास. खिडक्या लावलेल्या, बाहेर आभाळ राखेच्या रंगाचं, त्यामुळे भर दुपारी दिवा लावावा लागला. पलीकडे बाई कुणाकडून तरी एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटून घेत होत्या.

स्टुलावर चढून त्याने भिंतीपासून वीतभर अंतरावर ओळंबा सोडला. तो दोनचार झोके घेऊन स्थिरावला, तो थेट भिंतीला टेकूनच. भिंतीने पोट काढलं असेल, असं त्याला वाटलं. तो आणखी मागे सरकला. ओळंबा पुन्हा भिंतीकडे गेला. मग खोलीच्या मधोमध उभं राहून त्याने हात वर धरला. वाऱ्याची झुळूक नव्हती. तरी बांधलेल्या वासराने दाव्याला ताण द्यावा, तशी दोरी तिरपी ताणली गेली होती. त्याने बोटाने ओळंबा ढकलला. तो मागे आला, क्षणभर थांबला आणि सावकाश परत भिंतीकडे निघाला...

त्याने दोरी गुंडाळली, बाईंना काहीतरी सांगून दुकान गाठलं आणि नवी पाणसळ आणून भिंतीला लावली. बुडबुडा अगदी मधोमध, शासकीय कचेरीतल्या साहेबासारखा ढिम्म. भिंतीत केसाचाही फरक नव्हता.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. कुठलं घर, एवढंच तिने विचारलं. त्याने सांगितल्यावर तिने हातातली घडी बाजूला ठेवली. मग जे तिने नवऱ्याकडून ऐकलं होतं, ते हळूहळू बाहेर आलं. आजोबांना एक थोरला भाऊ होता. दोघं मिळून कामं घ्यायचे. त्या घराचं काम चालू असताना दोघांत काहीतरी बिनसलं, आणि एका संध्याकाळी आजोबा एकटेच घरी आले, स्वतःची हत्यारं आणि भावाचा ओळंबा घेऊन. थोरला परगावी गेला, असं सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर आजोबा त्या गल्लीने कधी गेले नाहीत. केवढाही वळसा पडला, तरी लांबूनच जायचे.

"तुझे आजोबा मरताना सारखं एकच म्हणत होते," आई म्हणाली. "ती भिंत मी बांधली नाही. ती मी बांधली नाही. कुठली भिंत, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही."

"म्हणजे आजोबांनी त्यांना..."

"ते मला विचारू नकोस. गिलावा लिंप आणि ये. झाकली मूठ राहू दे."

पण त्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आजोबांच्या ज्या हाताने त्याला पहिली वीट धरायला शिकवली, तो हात खुनी होता का, हे न कळता उरलेला जन्म कसा काढायचा? सकाळ होताच तो बाईंकडे गेला. भिंत आतून पोकळ वाटते, थोडी उघडावी लागेल, म्हणाला. बाई कुरकुरल्या, पण हो म्हणाल्या.

छिन्नीने त्याने छातीच्या उंचीची एक वीट सैल केली. मग दुसरी, तिसरी. आत खरोखरच पोकळी होती. माणूस उभा राहील एवढी, त्याहून जास्त नाही. जीव मुठीत धरून त्याने दिवा आत धरला.

आत कुणी नव्हतं. हाड नाही, चिंधी नाही, साधी धूळसुद्धा नाही.

हायसं वाटून तो तिथेच खाली बसणार होता. तेवढ्यात दिव्याचा उजेड विटांच्या आतल्या अंगावर पडला आणि तो तसाच खिळून राहिला. भिंत बांधली की विटांमधल्या दरजा थापीने भरून पुसून घेतात, आणि गवंडी ज्या बाजूला उभा असतो, त्याच बाजूने ते होतं. या भिंतीच्या दरजा आतून भरलेल्या होत्या. चारही बाजूंनी, वरपासून खालपर्यंत, घाईगर्दी न करता, उत्तम हाताने. भिंत आतूनच बंद केलेली होती. बाहेर पडायला बोटभर फट नव्हती.

"काही सापडलं का हो?" दारातून बाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

आजोबा खोटं बोलत नव्हते. पण त्याचा आनंद करावा, असं त्याला वाटेना. खिशातून ओळंबा काढून त्याने दोरी सोडली. आता तो सरळ लोंबत होता, कुठल्याही ओळंब्याने लोंबावा तसा. ओढणारं जे काही होतं, ते आता तिथे नव्हतं.

त्याने ती पोकळी विटा आणि सिमेंटने गच्च भरली, गिलावा केला. तो आजवर टिकून आहे. बाई भेटेल त्याला या गवंड्याचं नाव सुचवतात. पण त्याने भिंतींची कामं सोडली. आता तो फक्त फरशी बसवतो. कुणी विचारलंच, तर उंचावर चढवत नाही, म्हणतो.

आईशी त्याचं या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. फक्त त्या आठवड्यापासून ती आपली खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेऊन झोपते. भिंत फार गार लागते, म्हणते. एकदा ती बाहेर गेली असताना त्याने भिंतीवर तळवा ठेवून पाहिला.

भिंत गार नव्हती. कोमट होती, माणसाच्या पाठीइतकी.