दहा पाण्यांनी धुतलेला चेहरा

आठ दिवसांपूर्वी तपकिरी रंगात लख्ख उमटलेला आईचा चेहरा आज पिवळ्या डागांखाली बुडत चालला होता. अबोलीने फोटो दिव्याशी नेला, परत आणला, पुन्हा नेला. सगळं कृतीबरहुकूम केलं होतं, मग चुकलं कुठे?

मंगळावरच्या तांबडमळा वस्तीत फोटो टिकवणं ही मोठीच पंचाईत होती. अवकाशातून येणारे किरण फोटो साठवलेल्या चिपची पार वाट लावत. अबोलीची आई मालविका गेल्या वर्षी तापाने गेली आणि तिचे फोटोही एकेक करून पुसत गेले. बाबा मालवाहू यानावर. परतायला अजून वर्ष होतं. शेवटचा फोटो उरला, तेव्हा आबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, तो घाईघाईने पारदर्शक फिल्मवर उलटा छापून घेतला, उजेडाच्या जागी काळोख आणि काळोखाच्या जागी उजेड. पण फिल्मची शाईही दोन आठवड्यांत उडून जाणार होती. म्हणून रसायनशास्त्रज्ञ आबांनी पृथ्वीवरची एक जुनी रीत उकरून काढली. लोह आणि चांदी वापरून हाताने फोटो छापायची. ती त्यांनी अबोलीला चिठ्ठीवर लिहून दिली. लोह इथल्या मातीत हवं तेवढं. चांदी मात्र सबंध घरात आईच्या दोन जोडव्यांपुरती. त्यातलं एक विरघळवून झालं होतं.

"आबा, मी तुमच्या चिठ्ठीप्रमाणेच केलं होतं," अबोली रडवेली होऊन म्हणाली.

"मग चिठ्ठीप्रमाणेच सांग. आधी काय केलंस?"

"अंधारात कागदाला लोहाच्या आणि चांदीच्या क्षारांचं द्रावण लावलं. वाळवला. वर फिल्म ठेवून अतिनील दिव्याखाली (या दिव्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण कातडी रापवतो) ठेवला."

"तिथे काय झालं?"

अबोलीने नाक पुसलं. "फिल्म पारदर्शक होती तिथून प्रकाश आत गेला. त्यामुळे लोहाला एक इलेक्ट्रॉन (अणूतला ऋण प्रभाराचा चिमुकला कण) मिळाला. लोहाने तो चांदीला देऊन टाकला. मग विरघळलेली चांदी पुन्हा धातू झाली आणि तिचे बारीक कण कागदात अडकले. ते तपकिरी दिसतात. तोच फोटो."

"शाबास! लोहाचं काम तिथे संपलं. पण हा पाहुणा उठायचं नावच घेत नाही. कागदात ठाण मांडून बसला तर डाग पाडतो आणि चांदीही पुन्हा खाऊ लागतो. त्याला घालवलंस कसं?"

"धुऊन. चिमूटभर सायट्रिक आम्ल घातलेल्या पाण्याने. मग हायपो (न वापरलेले चांदीचे क्षार काढणारं द्रावण), मग पुन्हा पाणी. एकूण दहा पाण्यांनी."

"पाणी किती लागलं?"

"एक लिटर!" रडता रडताही तिच्या आवाजात अभिमान आला. "तेच गाळून दहाही वेळा वापरलं. थेंब वाया घालवला नाही."

आबांनी कपाळावर हात मारला. तांबडमळ्यातली मुलं अक्षरं शिकण्याआधी पाणी वाचवायला शिकत. आबा मात्र चिपळूणला नदीकाठी वाढलेले. दहा पाण्यांनी धुवावं असं लिहिताना दर वेळी ताजं पाणी घ्यायचं हे वेगळं सांगावं लागेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. "चूक माझी आहे गं," ते म्हणाले.

पण अबोलीला आता उमगलं होतं. "लोह कागदातून पाण्यात गेलं आणि मी तेच पाणी परत कागदावर ओतलं! गाळणीत कचरा अडकतो, विरघळलेलं लोह कसं अडकेल?"

ताजं पाणी हवं, तर दहा लिटर लागणार. घरात चारच होतं, तेही प्यायचं. वापरलेलं पाणी शुद्ध होऊन परत मिळायला आठवडा लागे आणि तोवर फिल्म कोरी झाली असती. शिवाय तांबडमळ्यात स्वतःसाठी कुणी पाणी मागत नसे. आजारी माणूसही मागत नसे.

आबांनी उरलेलं जोडवं तळहातावर घेतलं. "हे विरघळलं की तिचं काहीच उरणार नाही, बाळ."

"तिचा चेहरा उरेल," अबोली म्हणाली. आबांनी तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

रिकामा डबा घेऊन ती शेजारी गेली. पंपावर काम करणाऱ्या शेवंतामावशींनी दार उघडलं. "मावशी, मला पाणी हवंय. प्यायला नाही. आईसाठी." आणि तिने सगळं सांगितलं. मावशी आत गेल्या, दोन लिटर ओतून दिलं आणि पायात चपला सरकवून तिच्याबरोबर पुढच्या दारी निघाल्या.

संध्याकाळपर्यंत दहा लिटर जमलं आणि आबांनी नवा कागद दिव्याखालून काढला. पहिलं पाणी पिवळं झालं. दुसरं जरा कमी. सहावं नितळ. हायपोत बुडताच फिकट चेहरा गडद होत गेला. आधी केस, मग भुवया, मग हसरे ओठ. मग शेवटची चार पाणी. अबोलीला रडू आवरेना आणि तिने ते आवरलंही नाही.

शेवंतामावशी अजून दारातच उभ्या होत्या. "माझा सुहास गेला तेव्हा पाच वर्षांचा होता," त्या हळूच म्हणाल्या. "एकच फोटो उरलाय चिपमध्ये. अर्धा पुसलाय. त्याचं होईल का असं?"

"होईल," आबा म्हणाले, "पण चांदी लागेल."

"त्याचे बारशातले वाळे आहेत."

अबोलीने डबा उचलला. "मग पाणी मी मागून आणते, मावशी."