चार नंबरच्या गेटचा स्टॉप

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मी बस चालवतो, गोष्टी रचत बसायला मला वेळ नाही. हे गेल्या मंगळवारी घडलं. संध्याकाळी सहाला, मोठ्या बागेच्या मागच्या स्टॉपवर.

आधी मागचं सांगतो. सांगतानाही डोकं फिरतंय.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचा वाढदिवस त्या बागेत होता. बहीण मेट्रोने आली, मेहुणा सायकलवर, बायको आणि मुलगी टॅक्सीने. माझे वडील, अण्णा, म्हणाले, "मी आपला बसने येतो. पोरगा ड्रायव्हर आणि बाप टॅक्सीत?"

मी तोंडपाठ सांगितलं, "चार नंबरच्या गेटला उतरा. समोरच दार."

त्या मार्गावर सहा वर्षं गाडी चालवलेली. विचारायचं कोणाला? माझी बदली झाल्यावर ते गेट कायमचं बंद झालं, हे मला माहीतच नव्हतं. पण स्टॉप तसाच! पाटी तशीच! 'बागेकडे', आणि बाण.

अण्णा फोन घरी विसरले होते. भर उन्हात बंद गेटसमोर थांबले, आणि तिथेच कोसळले. पुन्हा उठलेच नाहीत.

मी आठ अर्ज दिले. "तो स्टॉप काढा." साहेब म्हणायचे, "बघतो."

डोंबल बघताय!

शेवटी तो मार्ग मीच मागून घेतला, निदान तिथे उतरणाऱ्याला गेट बंद आहे हे सांगता यावं म्हणून.

मंगळवारी गाडी रिकामी होती; या गाडीवर कंडक्टरही नसतो. आरशात नीट बघितलं होतं.

बागेची भिंत लागली, आणि...

घंटी वाजली.

मी थांबलो. दार उघडलं.

गाडी डावीकडे किंचित दबली... पायरीवर कोणी उभं असल्यासारखी.

"गेट उघडलं का रे?"

अण्णांचाच आवाज.

मी ओरडलो, "नाही अण्णा! माझं चुकलं!"

मग...

"बरं. थांबतो मग." आणि गाडी पुन्हा सरळ झाली.

शुक्रवारी डेपोत हुकूम लागला. माझ्या अर्जांवरून तो स्टॉप रद्द. गाडी तिथे थांबवायची नाही. आता जाग आली यांना! हसू की रडू?

काल भिंतीपाशी घंटी वाजली. मी दात-ओठ खाऊन गाडी तशीच पुढे काढली.

डेपोपर्यंत ती डावीकडे दबलेलीच होती.

आज मला पुन्हा तीच गाडी दिली आहे.