पहिला मासा कुणाचा

नदीकाठच्या चिखलात रुतलेल्या लीटाला वर ओढायला हात पुढे आला, तो क्लेटनचा.

“तुमच्या मासेखात्यात पडायलाही शिकवतात?”

“बोलण्यापेक्षा जाळ्याकडे बघ. काहीतरी धडपडतंय.”

खरंच धडपडत होतं. मासा घटला म्हणून जमातीनं दोन हिवाळे आपल्याच नदीवर जाळी बंद ठेवली होती. आज ती उघडली, आणि आजोबांच्या जागेवर क्लेटननं आयुष्यातलं पहिलं जाळं टाकलं. वर आली स्टीलहेड जातीची मासळी, अंडी घालायला समुद्रातून नदीत परतलेली मादी, पोट गाभोळीनं गच्च.

लीटाचा जीव टांगणीला लागला. अशा जिवंत माद्या मिळाल्या तरच त्यांच्या अंड्यांतून खात्याच्या हौदांत पिल्लं वाढवता येणार होती. नाहीतर पुढच्या हिवाळ्यात जाळी पुन्हा बंद. पण रीतीप्रमाणे पहिला मासा स्वतः ठेवायचा नसतो, थोरांना द्यायचा असतो. आणि काठावर क्लेटनची आजी व्हर्ना खुर्ची टाकून बसली होती. दोन हिवाळे तिच्या चुलीवर ताजा मासा चढला नव्हता.

“मागू नये... पण मागते,” लीटा हळूच म्हणाली.

क्लेटननं आजीकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस? पहिला मासा द्यायचा, एवढं खरं. दे तिला. मी शिंपल्यांच्या सूपवर भागवीन.”

माशाचे कल्ले फासात अडकले होते. ओढले असते तर फाटले असते. क्लेटननं सुरी काढली आणि आजोबांच्या हातचं जाळं सरळ कापलं. लीटाला एकदम भरून आलं.

“अरे, जाळं—”

“शिवता येतं. तुला येतं शिवायला?”

“येतं.”

“मग संध्याकाळी... येशील?”

“येईल रे,” आजी म्हणाली. “कान बघ तिचे, लाल झालेत.”

ती आली. जाळं शिवून झालं तरी येत राहिली.

अंडी काढून झाल्यावर मादीला परत सोडायची वेळ आली, तेव्हा लीटानं क्लेटनलाच बोलावलं. दोघं गुडघाभर गार पाण्यात उभे राहिले. मासा प्रवाहाकडे तोंड करून धरलेला, तिच्या हाताखाली त्याचा हात.

“तुझे आभार मानायचे राहिलेत,” ती म्हणाली.

“हिचे मान. हिच्यामुळे तू आमच्या अंगणात आलीस.”

“आणि जाळं शिवून झाल्यावरही येत राहिले, ते?”

“ते... माझ्यामुळे?”

“इतक्या उशिरा कळलं तुला? आवडतोस तू मला.”

तो काही बोलणार, तोच मासा उसळला, दोघांना भिजवून निघून गेला. हात मात्र तसेच राहिले.

काठावर व्हर्नानं नदीकडे मान झुकवली, आपल्या भाषेत आभार मानले आणि मग हाक मारली, “चला आता. सूप निवतंय. वाट्या तीन काढल्यात.”