निळ्या पिसांचा बाण

निपाणीत तंबाखूच्या वखारीवर राहणाऱ्यांना तंबाखूचा वास येत नाही. पाहुणा मात्र शिंकून शिंकून बेजार होतो. विक्रम दर रविवारी बेळगावजवळच्या मच्छेहून मोटारसायकल हाकत यायचा, शिंकत शिंकत जिना चढायचा आणि नाक पुसायच्या आधीच वादाला तोंड फोडायचा.

"अजून त्यो डबा इकला न्हाईस व्हय गं?"

डबा म्हणजे दिव्याचा गेमिंग कन्सोल, टीव्हीला जोडून खेळायचा. दिव्या बेळगावात एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढायची, आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहायची आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायची. पहिल्या पगारात तिने हा कन्सोल घेतला होता. विक्रम तिच्या भावाचा, गोमटेशचा, डिप्लोमातला दोस्त. त्याने एकेक भाग जमवून आपल्या हाताने पीसी जोडला होता. त्याला एका बाजूने काच होती आणि आत रंगीबेरंगी दिवे फिरायचे. विक्रमची आई जयाबाई उजेड डोळ्यांवर येतो म्हणून त्यावर टॉवेल टाकून झोपायची.

"कन्सोल म्हंजे सीलबंद डबा," विक्रम म्हणायचा. "कंपनी वाढंल ते गप गिळायचं. पीसीवर मॉड टाकला की आख्खा गेम बदलता येतोय. परवा मी अस्वलाला म्हशीचं तोंड लावलं."

"म्हशीचंच तोंड बघायचं तर मच्छेत पीसी कशाला पायजे?"

यावर खिडकीपाशी जपमाळ घेऊन बसलेल्या राजमती आक्का हमखास हसायच्या. आक्का म्हणजे दिव्याच्या वडिलांची थोरली बहीण. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे टीव्ही त्यांना नुसता उजेड दिसायचा. पण घरात कुणाला काही लागलं की औषध त्यांचंच, आणि औषध एकच, हळद. कारखान्यात पत्र्याने विक्रमचा अंगठा कापला तेव्हा त्यांनी ओली हळद जखमेवर अशी दाबून बसवली होती की लेपावर त्यांच्या बोटाच्या रेषा उमटल्या.

"मलम लावलंय आक्का मी."

"असू दे. ही बी ऱ्हाऊ दे."

दोघांकडेही एकच गेम होता, 'ग्रे व्हॅली'. ओपन वर्ल्ड. म्हणजे सगळा मुलूख तुम्हाला मोकळा; नदी ओलांडा, जंगलात शिरा, काही न करता डोंगरावर बसून राहा. दिव्याला याचंच वेड होतं. घरून निघताना कुठे चाललीस, खोलीवर परतताना इतका उशीर का, हे विचारणारं त्या दरीत कुणी नव्हतं. दरीपलीकडचा डोंगर तर बसमधून दिसणाऱ्या तवंदी घाटासारखाच होता. त्याच्या माथ्यावर पोचलं की गेम जिंकला. मात्र माथ्याच्या वाटेवर एक फाटक होतं आणि फाटकात पांढरं अस्वल. ते मारायचं आणि वर जायचं.

दिव्या पहिल्यांदा सगळे खेळतात तशीच खेळली, दिसेल ते मारत. मग भाद्रपदात पर्युषण आलं. एका दुपारी तिचे वडील, पारिसा आप्पा, किल्ल्या शोधत वर आले, तेव्हा पडद्यावर त्यांची लेक हरणाचं कातडं सोलत होती.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी वायर उपटली, कन्सोल काखेत मारला आणि जिना उतरू लागले. जिन्यात आक्का आडव्या आल्या. बहिणीपुढे आप्पांचं कधीच काही चालत नसे. तडजोड अशी झाली की दिव्याने बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, भगवंतासमोर नेम घ्यायचा. खेळातसुद्धा आपल्या हातून जीव जाणार नाही. एक जरी गेला, चुकून जरी गेला, तरी तिने आपल्या हाताने कन्सोल घराबाहेर काढायचा आणि पुन्हा कधी खेळायचं नाही.

दिव्याने नेम घेतला. जुना खेळ पुसून टाकला आणि पहिल्यापासून नवा मांडला.

पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. माणसं हात जोडून घरोघरी गेली, वर्षभराच्या चुकांची माफी मागून आली. दुपारी आक्का वर येऊन बसल्या.

"माणसांची मागून झाली. तेंची कोण मागणार?"

"कुणाची, आक्का?"

"तू मारलेल्यांची."

गोमटेश फस्सकन हसला. दिव्या हसली नाही. गेममध्ये एक बटण दाबलं की आपला माणूस कमरेत वाकून नमस्कार करायचा. आठवत होत्या तेवढ्या साऱ्या जागी ती गेली. ओढ्याकाठी ससे, पाइनच्या झाडांखाली लांडगा, दलदलीत सांबर. प्रत्येक जागी वाकली. थोड्या वेळाने गोमटेशचं हसू मावळलं आणि तोच आठवण करून द्यायला लागला, "पुलाखालचं बदक ऱ्हायलं बघ."

"झाली समद्यांची?" आक्कांनी विचारलं.

"एक हरीण ऱ्हायलं. मांडीत बाण लागला आणि तसंच पळालं. मी मागं गेलो न्हाई." तो बाण तिला नीट आठवत होता. गेममधल्या दुकानातून हौसेने निवडलेला, निळ्या पिसांचा. "पण ते आता कुठलं सापडायचं? जुना खेळ पुसला की मी."

"पुसला म्हणून दुखायचं थांबतंय व्हय?" आक्का म्हणाल्या आणि माळ ओढायला लागल्या.

पुढच्या रविवारी हा नेम ऐकून विक्रमला हसण्याच्या उकळ्याच फुटल्या. "अस्वल मारल्याबिगर फाटक उघडत न्हाई. जगात कुणाचं उघडलेलं न्हाई, मी समदं धुंडाळलंय."

"मग त्यो ओपन वर्ल्ड कसला? रान खरंच मोकळं असंल, तर न मारताबी वाट असणारच."

"पीसीवर मॉड टाकून फाटकच काढून टाकतो, ये बघायला."

"ती वाट न्हवं. ती भिंत फोडायची झाली."

ती खेळायला लागली, आणि थोड्या वेळाने विक्रमची बडबड आपोआप थांबली. पडद्यावर ससे पळत नव्हते. दिव्याचा माणूस जवळून गेला तरी ते गवत खात राहिले. लांडग्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पंजांवर ठेवली.

"नवा अपडेट आलाय वाटतं," विक्रम म्हणाला. घरी जाऊन त्याने आपल्या पीसीवर पाहिलं. तिथे ससे पळत होते, लांडगा अंगावर येत होता. अपडेट वगैरे काही नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी दिव्या बर्फात शिरली. टीव्हीतून तिच्या माणसाच्या पावलांचा कुरकुर आवाज येत होता. त्यामागून आणखी एक आवाज यायला लागला. टक, टक, टक, आणि मग काहीतरी घासटल्यासारखं. ती थांबली की तोही थांबे. तिने कॅमेरा मागे फिरवला. बर्फावर खुरांच्या खुणा होत्या, तीन उमटलेल्या आणि चौथ्या जागी लांब रेघ. खुणा उमटवणारं कुणीच नव्हतं.

"असला आवाज गेममध्ये हाय?" गोमटेशने हळूच विचारलं. विक्रमने मान हलवली. या गेमचं सगळं त्याला तोंडपाठ होतं.

खिडकीपाशी माळ थांबली. "लंगडतंय कोण गं?" आक्का म्हणाल्या.

दिव्याने कॅमेरा पुढे वळवला आणि ती चालू लागली.

फाटक आलं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, मधे पांढरं अस्वल. इथे गेम तुम्हाला विचारत नाही. तुमच्या माणसाच्या हातात धनुष्य आपोआप येतं, बाण ताणला जातो आणि तुमचं बोट कंट्रोलरच्या चापावर दाबलेलं राहतं. बोट सुटलं की बाण सुटला. सोडला नाही तर अस्वल तुम्हाला दरीत ढकलतं. बाण परत घ्यायचं बटण होतं, पण ते त्याच हाताच्या अंगठ्याने दाबून धरावं लागे आणि तोवर चापावरचं बोट हलून चालत नसे. दिव्याचे तळवे घामाने निसरडे झाले होते.

तेवढ्यात मागे दार वाजलं. वर इतकी शांतता कशी म्हणून पारिसा आप्पा आले होते. त्यांनी पडद्यावर ताणलेला बाण पाहिला आणि ते दारातच उभे राहिले.

"दिव्या," ते म्हणाले. एवढंच.

"न्हाई सोडत, आप्पा."

अस्वल पुढे आलं. माणसाची टाच दरीच्या काठाला लागली.

टक, टक, टक. घासट.

डाव्या बाजूने हरीण आलं. लंगडत, अजिबात घाई न करता, आणि अस्वल आणि बाण यांच्या बरोबर मधे येऊन उभं राहिलं. त्याच्या मांडीत बाण होता. निळ्या पिसांचा.

विक्रम उठून उभा राहिला. "नव्या खेळात ही पिसं कधी घेतलीस?"

"घेतलीच न्हाईत."

आता बाणाचं टोक हरणाच्या छातीवर होतं. दिव्याने चाप आणखी घट्ट दाबून धरला.

"हळद कुठं ठेवलीया गं?" आक्कांनी विचारलं.

"खाली. फळीवरच्या डब्यात," गोमटेश पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. जिन्यावर आक्कांच्या चपला वाजत गेल्या.

दिव्याने श्वास रोखला. बोट तसंच ठेवून अंगठा सरकवला, बटणावर नेला, दाबला. धनुष्याची दोरी कणाकणाने सैल होत गेली. बाण भात्यात गेला. मग तिने ते दुसरं बटण दाबलं.

तिचा माणूस हरणापुढे वाकला.

पडदा पांढरा झाला. वीज गेली नव्हती, पंखा फिरत होता. पण पडद्यावर बर्फाखेरीज काही दिसेना. आणि त्या खोलीत, तंबाखूचा खकाणा पिढ्यान्‌पिढ्या भिंतींत मुरलेल्या त्या खोलीत, ओल्या गवताचा वास आला. आप्पांनासुद्धा आला.

मग चित्र परतलं.

हरीण वळलं होतं. चालत होतं.

टक, टक, टक, टक.

मांडीत बाण नव्हता. अस्वलाने मान खाली घातली आणि ते बाजूला झालं. फाटक उघडंच होतं.

"जा की!" विक्रम किंचाळला. "बघतीस काय, जा!"

दिव्या गेली. हरणामागून, शेवटच्या चढावरून, थेट माथ्यावर. खाली सगळी दरी उन्हात पसरली होती, नदी चमकत होती, आणि काठाकाठाने जनावरं उभी होती, सगळी वर पाहत. ससे, लांडगा, सांबर. पुलाजवळ बदकसुद्धा. गोमटेशने शिट्टी मारली. विक्रम मिठीच मारायला आला, आप्पांना पाहून मधेच थांबला आणि गोमटेशच्या गळ्यात पडला. दिव्या हसत होती, रडत होती, लहानपणी नाक फ्रॉकला पुसायची तसं ओढणीला पुसत होती. जिंकली होती ती! जगात कुणी जिंकलं नव्हतं तसं, एका जिवाला धक्का न लावता.

"हरलो बाबा," विक्रमने कान पकडले. "रान मोकळं हाय. तुजं खरं."

आप्पा पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "डबा ऱ्हाऊ दे घरात," ते म्हणाले आणि घसा खाकरत खाली गेले.

विक्रमने माथ्यावरचं ते हरणासकटचं चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, आपल्या फोनवर मागून घेतलं. मच्छेतल्या पीसीवाल्यांना दाखवल्याशिवाय त्याला घास गेला नसता. तो निघाला तेव्हा आक्का पुन्हा खिडकीपाशी येऊन बसल्या होत्या. त्या कधी वर आल्या ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दिवेलागण झाली. सूर्यास्ताआधीच जेवणं आटोपली होती, खाली आप्पा कुणालातरी फोनवर लेकीचा पराक्रम सांगत होते आणि सांगताना अस्वल चांगलंच मोठं करत होते. दिव्याला सोमवारची पहाटेची बस पकडायची होती, तरी तिला जागचं हलवेना. तेवढ्यात विक्रमचा फोन आला. पलीकडे त्याच्या पीसीचा पंखा घरघरत होता.

"दिव्या, ते चित्र मी मोठ्या स्क्रीनवर लावलंय. तुज्या टीव्हीवर दिसलं नसंल. कन्सोलमध्ये आपल्याला मॉड टाकता येत न्हाई न्हवं?"

"तूच सांगतोस की. सीलबंद डबा."

"मग हरणाच्या मांडीवर, बाण होता तितं, हे पिवळं काय हाय?"

दिव्या टीव्हीजवळ सरकली.

"लेप हाय गं. दाबून बसवलेला. बोटाच्या रेषा दिसत्यात. माझ्या अंगठ्यावर होता, तसाच."

दिव्याने फोन कानावरून खाली घेतला. खिडकीपाशी आक्का डोळे मिटून जप करत होत्या. माळेचे मणी पांढरे होते. त्यातले अर्धे, बोटांखालून गेलेले, पिवळे झाले होते.

"नीट चालतंय न्हवं गं आता?" आक्कांनी डोळे न उघडता विचारलं आणि पुढचा मणी ओढला.